पॅकमॅन बेडूक घरी आणल्यावरचे पहिले पंधरा दिवस: आधी माती, पाणी, तापमान, खाणं सगळ्यात शेवटी

"ताई, बेडूक आणून चार दिवस झाले, काही खातच नाहीये, नुसता मातीत घुसून बसलाय, काय करू?" पॅकमॅन पहिल्यांदा आणणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा हाच प्रश्न असतो आणि माझंही उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, की अजून दोन दिवस खाण्याचं नावच काढू नका, फक्त थर्मामीटरचा प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाचा मोजणारा भाग, मातीत खुपसून आकडा किती येतोय तेवढं सांगा. नवीन बेडूक खात नाही ह्याचं कारण खाण्यात क्वचितच असतं, ते तापमानात असतं, पाण्यात असतं, मातीत असतं, नाहीतर आपण दर तासाला झाकण उघडून डोकावतो त्यात असतं. ह्या चार गोष्टी जागेवर आल्या की हा प्राणी इतका खादाड आहे की उलट आपल्यालाच हात आखडता घ्यावा लागतो.

मी इथे फक्त पॅकमॅनबद्दल लिहितेय. सेराटोफ्रिस म्हणजे शिंगवाले बेडूक, त्यातला आपल्या दुकानांत दिसतो तो बहुतेक क्रॅनवेली जातीचा नाहीतर त्याचा क्रॉस. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, अर्जेंटिना, पॅराग्वे, बोलिव्हिया ह्या भागात ग्रान चाको म्हणून मोठा सपाट प्रदेश आहे तिथला. तिथे पाऊस ठरावीक महिने आणि बाकी सगळं कोरडं, त्यामुळे कोरडे दिवस आले की हा जमिनीत खाली जातो, जुन्या कातडीचे थर अंगावरच साठवून कोष करतो आणि महिनोन्महिने न खाता पडून राहतो, पाऊस झाला की वर येतो आणि समोर येईल ते गिळतो. एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं बरंच आपोआप कळतं. माती सुकली किंवा गार पडली की त्याचं शरीर धरून चालतं झोपायचे दिवस आले, मग तुम्ही नाकासमोर कितीही गांडुळं नाचवा, उपयोग नाही.

आणायच्या आधी दोन गोष्टी

पहिली, आपले शेतातले, विहिरीतले बेडूक पकडून पाळायचे नाहीत. पहिल्या पावसात पिवळाधमक होणारा तो मोठा बेडूक, इंडियन बुलफ्रॉग, त्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. विदेशी प्राण्यांसाठी 2024 चे नियम आहेत, सायटीसच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीतला प्राणी असेल तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. रंगीत पॉयझन डार्ट बेडूक त्यात येतात. पॅकमॅन त्या यादीत येत नाही, पण घेताना पक्कं बिल मागा, त्यावर जातीचं नाव लिहून घ्या, आणि जंगलातून पकडलेला नसून पिंजऱ्यात जन्मलेलाच घ्या. बिल द्यायला दुकानदार का-कू करत असेल तर तिथून निघा.

दुसरी, हा प्राणी नीट ठेवला तर दहा वर्षं सहज जगतो. कंटाळा आला म्हणून तलावात सोडून द्यायचा प्रकार अजिबात नको. आपलाच बुलफ्रॉग माणसाने अंदमानात नेला, तो तिथे पसरला आणि आता तिथल्या लहान जीवांना खातोय. त्यात बेडकांच्या कातडीला होणारा कायट्रिड नावाचा बुरशीचा रोग आहे, ज्याने जगभर बेडकांच्या कितीतरी जाती संपल्या, आणि ती बुरशी आपल्या सह्याद्रीतल्या बेडकांवरही सापडलेली आहे. त्यामुळे टँकचं वापरलेलं पाणीसुद्धा ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, ते संडासात टाका.

टँक आधी, बेडूक नंतर

बेडूक आणायच्या किमान तीन-चार दिवस आधी टँक लावून, माती भरून, चालू करून ठेवायचा. म्हणजे दुपारी किती तापतं, पहाटे किती गार होतं हे बेडूक यायच्या आधीच कळतं. बरेच लोक बेडूक आणि टँक एकाच दिवशी आणतात आणि मग बिचाऱ्याला आत ठेवून त्याच्या डोक्यावर सगळी जुळवाजुळव चालते.

चार-पाच सेंटिमीटरच्या पिल्लाला मोठा टँक लागत नाही, एक-दीड फुटी प्लास्टिकचा झाकणवाला डबा, वरच्या बाजूला भोकं पाडलेला, पुरतो. मोठ्या मादीला मात्र दोन फूट बाय दीड फूट द्या. एका टँकमध्ये एकच बेडूक, ह्यात चर्चा नाही, कारण हे एकमेकांना गिळतात, अगदी जवळपास सारख्या मापाचा असला तरी गिळायला जातात आणि दोघंही मरू शकतात.

टँक कुठे ठेवायचा ते महत्त्वाचं आहे. खिडकीत नको, टीव्हीशेजारी नको, फ्रिजवर तर नकोच, कारण तिथे गरम पण होतं आणि सारखी थरथर पण असते. घरातली कमी वर्दळीची, सावलीची, जमिनीजवळची जागा शोधा. त्याच खोलीत डासांचं लिक्विड, कॉइल, झुरळांचा स्प्रे, धूप-उदबत्ती काही लावायचं नाही. बेडूक कातडीतून पाणी पितो, थोडाफार श्वासही कातडीतून घेतो, त्यामुळे आपल्याला नुसता वास येणारी गोष्ट त्याच्या थेट अंगात जाते. मुंग्या लागल्या तर मुंग्यांचा खडू ओढू नका, ते कीटकनाशक आहे. टँक छोट्या स्टूलवर ठेवून स्टूलचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, आपल्या आज्या दुधा-तुपाच्या कपाटाला करायच्या तेच, आणि ते काम करतं. पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर बेडूक चार-पाच दिवस दुसऱ्या घरी.

कोकोपीट धुतल्याशिवाय वापरायचं नाही

टँकमधली माती म्हणजे कोकोपीट, नारळाच्या सोडणाचा भुसा, तो दाबून केलेल्या विटा मिळतात. ह्यावर थोडं जास्त लिहिते कारण इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. बाहेरच्या व्हिडिओत लोक दाखवतात की वीट पाण्यात टाकली, फुगली, टँकमध्ये भरली, झालं. त्यांची वीट सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी म्हणून विकलेली असते. आपल्याला नर्सरीत मिळते ती बागकामाची वीट. नारळाची सोडणं किनारपट्टीवर खाऱ्या पाण्यात भिजवलेली असतात, त्यामुळे त्यात मीठ असतं, आणि काही विटांमध्ये तर खत मिसळलेलं असतं. पाकिटावर खताचा, न्यूट्रिएंट्सचा उल्लेख असेल तर ती वीट घेऊच नका.

साधी वीट आणली की मोठ्या बादलीत भिजवा, फुगू द्या, जुन्या सुती कापडात किंवा उशीच्या अभ्ऱ्यात भरून घट्ट पिळा, परत स्वच्छ पाणी, परत पिळा. पहिलं पाणी गडद तपकिरी येतं, मग हळूहळू फिकट होतं. पण रंगावर विसंबू नका, मीठ डोळ्यांना दिसत नाही. घरी आरओसाठी घेतलेला टीडीएस मीटर, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, असतो ना, तो इथे कामाला येतो. नळाच्या पाण्याचा आकडा लिहून ठेवा, मग पिळून निघालेल्या पाण्याचा बघा. पहिल्या धुण्यात तो कित्येक पट जास्त दिसतो. नळाच्या आकड्याच्या जवळपास येईपर्यंत धूत राहायचं. दोन तास जातात, पाणी बरंच लागतं, ते पाणी फेकू नका, मीठ न बाधणाऱ्या झाडांना, माडाला वगैरे घाला, पण हे काम टाळू नका, कारण बेडूक ह्याच मातीत दिवसरात्र पोट टेकून बसणार असतो, आणि त्याच्या पोटाखाली मांड्यांजवळ कातडीचा जो पातळ भाग असतो त्यातूनच तो पाणी शोषतो. खारट मातीत बसलेला बेडूक तळमळतो, सारखा टँकच्या कडेकडेने चढायला बघतो, आणि आपण म्हणतो बघा किती ॲक्टिव्ह आहे.

ओलावा किती पाहिजे तर मूठभर माती घेऊन दाबली की लाडू वळला पाहिजे आणि बोटांतून पाणी गळता कामा नये. खोली इतकी ठेवा की बेडूक पूर्ण गाडून घेऊ शकेल, पिल्लाला दोन-तीन इंच, मोठ्याला चार. वर एखादं खापर, मडक्याचा फुटका तुकडा, त्याच्या धारा घासून बोथट केलेल्या, आडोसा म्हणून ठेवा. प्लास्टिकचं पान टाकलं तरी चालतं. खडी, गारगोट्या, सालींचे तुकडे ठेवू नका, हा खाताना तोंडासमोरचं सगळं आत ओढतो आणि खडा पोटात अडकला की ऑपरेशनची वेळ येते.

पाणी

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. मत्स्यालयाच्या दुकानात अँटी-क्लोरीनची बाटली स्वस्तात मिळते, तिच्यावर लिहिलेल्या मापाने घाला. ते नसेल तर पाणी उघड्या बादलीत एक पूर्ण दिवस ठेवून मग वापरा, साधं क्लोरीन उडून जातं. आरओचं पाणी काचेवर फवारायला छान, डाग पडत नाहीत, पण पिण्याच्या वाटीत रोज निव्वळ आरओ नको, त्यात क्षारच उरलेले नसतात.

वाटी उथळ, जड, आणि पाण्याची पातळी बेडकाच्या हनुवटीपर्यंत, त्याहून जास्त नको. बेडूक म्हटलं की पोहणारच असं आपण धरून चालतो, पण पॅकमॅनला धड पोहता येत नाही, खोल पाण्यात बुडून मरतो. हे पाणी रोज बदलायचं, दिसायला स्वच्छ असलं तरी. तो त्यातच लघवी करतो, त्यातला अमोनिया परत कातडीतून आत जातो, आणि मग मागचे पाय ताठ होणं, झटके येणं असले प्रकार होतात.

तापमान

दिवसा 24 ते 28 अंश, रात्री 21-22 पर्यंत उतरलं तरी चालतं, आर्द्रता 60 ते 80 टक्के. तीसच्या वर बराच वेळ राहिलं तर धोका. बाहेर देशातल्या सगळ्या माहितीत गरम कसं करायचं हे सांगितलेलं असतं, आपला प्रश्न बहुतेक वर्षभर उलटा असतो. मुंबई-कोकणात उकाडा आणि दमटपणा, तिथे जाळीचं झाकण थोडं जास्त उघडं ठेवायचं नाहीतर बुरशी येते. पुण्या-नाशकात एप्रिल-मे जड जातात आणि डिसेंबर-जानेवारीत उलट गारठा. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे मे महिन्यात एसी नसेल तर हा बेडूक घेऊ नका असंच मी स्पष्ट सांगते, तिथे कूलरने हवा ओली होते पण पंचेचाळीस अंशांच्या दिवसांत तेवढं पुरत नाही.

लाइट जाते तेव्हासाठी फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या कायम गोठवून ठेवा, कापडात गुंडाळून टँकच्या बाहेरून काचेला टेकवायच्या, आत ठेवायच्या नाहीत. हिवाळ्यात हीट मॅट, म्हणजे विजेवर गरम होणारी चटई, लागली तर ती टँकच्या बाजूच्या काचेला लावा आणि थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, लावू नका. खाली लावली की काय होतं, गरम झालं की हा थंडाव्यासाठी खाली उकरत जातो, आणि खालीच मॅट, म्हणजे पोट भाजतं.

मोजायला गोल काट्याचा चिकटवायचा मीटर नको, तो काचेजवळच्या हवेचं सांगतो, तेही चुकीचं. वायरला प्रोब असलेला डिजिटल घ्या आणि प्रोब बेडूक बसतो त्या पातळीला मातीत ठेवा.

घरी आणायचा दिवस

शक्यतो सकाळी लवकर किंवा संध्याकाळी आणा, उन्हाळ्यात पार्सलने मागवू नका. डब्यात ओला टिश्यू, भोकं, डबा पिशवीत, पिशवी सावलीत, गाडीच्या डिकीत नाही. घरी आल्यावर डबा टँकशेजारी अर्धा तास तसाच ठेवा म्हणजे दोन्हीकडचं तापमान सारखं होईल, मग क्लोरीन काढलेल्या पाण्याने हात ओले करून किंवा पावडर नसलेले ग्लोव्हज ओले करून त्याला मागून, पोटाखाली हात घालून उचला आणि मातीवर ठेवा. हाताला साबण, सॅनिटायझर, डासांचं क्रीम काही नको. बोटं तोंडासमोर नेऊ नका, खालच्या जबड्यात दातांसारखे दोन टोकदार उंचवटे असतात, चावला तर रक्त निघतं आणि पटकन सोडत पण नाही.

ठेवायच्या आधी किचनच्या डिजिटल वजनकाट्यावर, वाटीत बसवून, वजन घ्या आणि लिहून ठेवा. हा एक आकडा पुढे तुमची निम्मी काळजी वाचवतो. दुकानात काय खात होता, शेवटचं कधी खाल्लं, टॉन्गने (लांब चिमट्याने) खात होता की सोडलेले किडे खात होता, हे पण विचारून त्याच कागदावर लिहा.

आणि मग झाकण लावून बाजूला व्हा.

पहिला आठवडा

ह्या दिवसांत तुमचं काम फक्त एवढंच: रोज पाणी बदलणं, लागलं तर हलकं फवारणं, तापमान बघणं. उचलायचं नाही, पाहुण्यांना दाखवायचं नाही, फ्लॅश मारून फोटो नाही, मुलांनी काचेवर टकटक नाही. पहिले दोन-तीन दिवस टँकच्या तीन बाजूंना बाहेरून कागद लावला तर फारच बरं. दिवा दहा-बारा तास आणि मग खरा अंधार, हॉलमध्ये रात्री एक वाजेपर्यंत ट्यूब चालू असेल तर त्याला रात्र कळतच नाही. गणपतीचे ढोल किंवा दिवाळीचे फटाके तोंडावर असतील तर बेडूक त्यानंतरच आणा.

तो काय करेल? मागच्या पायांनी गोल गोल फिरत मातीत रुतेल, नुसते डोळे आणि डोकं बाहेर, आणि तसाच तासन्‌तास, कधी दिवसभर. हे अगदी नॉर्मल आहे, शिकारीसाठी दबा धरून बसायची त्याची हीच पद्धत. टँकभर सारखा फिरत असेल, कोपऱ्यात चढत असेल तर मात्र काहीतरी बिघडलंय, माती, पाणी किंवा उष्णता, परत मोजा.

एक दृश्य नवीन माणसाला घाबरवतं म्हणून सांगते. बेडूक अचानक पाठ कमान करतो, अंग फुगवतो, तोंड परत परत उघडून जांभया दिल्यासारखं करतो, पुढच्या पायांनी चेहऱ्यावरून काहीतरी ओढतो, अंगावर ओलसर पातळ पापुद्रा दिसतो आणि तो तोंडात जाताना दिसतो. त्याला झटका आलेला नाही, तो कात टाकतोय आणि ती खातोय. काही मिनिटांत संपतं, त्यानंतर रंग एकदम ताजे दिसतात. त्या वेळी हात लावू नका, त्या दिवशी खायलाही देऊ नका.

पहिलं खाणं

पिल्लू असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मोठा असेल तर पाच ते सात दिवसांनी. तोपर्यंत मातीतलं तापमान सलग दोन दिवस 25-26 च्या आसपास आहे ना हे बघून घ्या, सतत 22 लाच राहिलं तर अन्न नीट पचत नाही, पोटात सडू शकतं.

काय द्यायचं तर माझी पहिली पसंती गांडूळ. पण इथे एक मेख आहे. गांडूळखत प्रकल्पात जी लाल, पट्टेदार, बारीक गांडुळं मिळतात, आयसेनिया फेटिडा, ती दाबली की पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडतात. बेडूक झडप घालतो आणि लगेच जिभेने बाहेर ढकलतो, वर पुढचे पाय तोंडावरून पुसतो, आणि मग पुढे दोन-तीन वेळा चांगलं गांडूळ दिलं तरी संशयाने बघतो. म्हणून खतवाल्याकडे आफ्रिकन गांडूळ मागा, युड्रिलस, ते जास्त लांब, जांभळट-तपकिरी, पट्टे नसलेलं असतं आणि आपल्याकडे खतासाठी तेही भरपूर वापरतात. घरी आणून दोन दिवस धुतलेल्या कोकोपीटमध्ये ठेवा म्हणजे पोटातलं शेण साफ होतं, द्यायच्या आधी धुवा, पिल्लासाठी कापून तुकडा द्या.

गांडुळाखेरीज पाळलेले रातकिडे, डुबिया झुरळं, ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या चालतात. सुपरवर्म (भुंगेऱ्याच्या मोठ्या अळ्या) पक्ष्यांच्या दुकानात सहज मिळतात, पण कवच कडक आणि चरबी जास्त, त्यामुळे कधीमधी एखादा. घरातलं झुरळ, बागेतला नाकतोडा नको, फवारणी कुठे झालीय सांगता येत नाही. चिकनचे तुकडे, खिमा नको, त्यात कॅल्शियम जवळपास नसतं. गोल्डफिश तर अजिबात नको, लोक शो म्हणून देतात, पण त्यात थायमिनेज असतं, ते ब1 जीवनसत्त्व मोडून टाकतं. उंदराची पिल्लं वारंवार दिली की चरबी वाढते, डोळ्यांवर पांढरे डाग येतात.

माप: किड्याची रुंदी बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढी, त्याहून मोठी नाही.

आता पद्धत. संध्याकाळी, मुख्य दिवा बंद करून, बाजूच्या खोलीतला उजेड पुरेल इतकाच. त्याआधी तासभर माती-काच हलकी फवारा, पाऊस पडल्यासारखं वाटलं की हा जागा होतो. बेडकासमोर मातीवर केळीच्या पानाचा धुतलेला तुकडा किंवा सपाट बशी सरकवा म्हणजे माती तोंडात जाणार नाही. टॉन्ग बांबूचा किंवा प्लास्टिकचा, टोकं बोथट, कारण तो जीव खाऊन झडप घालतो आणि स्टीलवर आपटून जबडा दुखावतो.

गांडूळ एका टोकाला धरा, दुसरं टोक मोकळं वळवळू दे. वरून आणायचं नाही, वरून येणारी गोष्ट म्हणजे शत्रू. समोरून किंवा किंचित बाजूने, मातीलगत, नाकापासून दोन-तीन सेंटिमीटरवर आणा आणि थांबा. हलवा, थांबा. हलवा, थांबा. सारखं हलवत राहिलात तर तो दुर्लक्ष करतो. त्याच्या डोळ्यांकडे बघा. इंटरेस्ट आला की आधी डोकं अगदी थोडं खाली झुकतं, अंग किंचित पुढे सरकतं, काही बेडूक मागच्या पायाची बोटं थरथरवतात. हे दिसलं की तुम्ही हात जागच्या जागी ठेवा. मग जे होतं ते डोळ्यांना नीट दिसतही नाही, जीभ बाहेर, गांडूळ आत. तुम्ही लगेच टॉन्ग सोडा, ओढाताण करू नका. तो पुढच्या हातांनी उरलेलं तोंडात कोंबतो आणि डोळे एकदम मिटून आत खचतात. डोळ्यांना काही झालेलं नसतं, बेडूक घास मागे ढकलायला डोळ्यांच्या गोळ्यांचाच दाब वापरतो.

पहिल्या वेळी एवढंच पुरे, एक गांडूळ किंवा दोन-तीन किडे, अजून मागतोय असं वाटलं तरी. झाकण लावा आणि दोन दिवस उचलू नका.

पाच-सात मिनिटांत घेतलं नाही तर सोडून द्या. तोंड फिरवलं, डोकं खाली घातलं, फुगला किंवा तोंड उघडून ओरडला, तर त्याच क्षणी थांबा, त्याला भीती वाटतेय. परत प्रयत्न दोन-तीन दिवसांनी, रोज नाही. किडे रात्रभर टँकमध्ये सोडून ठेवायचे नाहीत, उपाशी रातकिडे झोपलेल्या बेडकाची कातडी कुरतडतात. आणि तोंड जबरदस्तीने उघडून भरवायचं, हे डॉक्टर सोडून कोणी करू नये, जबडा नाजूक असतो.

तरीही खात नसेल तर

ह्या क्रमाने तपासा. मातीतलं तापमान, पहाटे पाचचं सुद्धा. मातीचा ओलावा वरचा नाही, बोट खुपसून खालचा. जागा आणि आवाज. मग खाण्याचा प्रकार बदला, गांडूळ नको तर डुबिया, डुबिया नको तर रातकिडा, हलणारी वस्तू कोणती त्याला पटते ते प्रत्येकाचं वेगळं असतं.

मग कोमट भिजवण. स्वच्छ डब्यात क्लोरीन काढलेलं 26-27 अंशांचं पाणी, हनुवटीच्या खाली, त्यात पंधरा-वीस मिनिटं, तुम्ही समोर बसून. खूपदा ह्यात पोट साफ होतं, विशेषतः दुकानात येता-जाता भरपूर खायला घातलेलं असेल तर, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपणहून खातो. शी त्याच वेळी बघून घ्या, त्यात माती दिसली तर खाऊ घालताना बशी वापरायची सवय लावा. जंत असतील अशी शंका आली तर ताजी शी डबीत घालून डॉक्टरांकडे न्या.

थंडीत आणलेला बेडूक वर कोरडा, चामड्यासारखा राखाडी थर घेऊन घट्ट बसला असेल तर तो कोषात जातोय. थर ओढून काढू नका. उबदार, ओलसर करत जा आणि तीच कोमट भिजवण रोज द्या, थर सैल होऊन तो स्वतःच खातो.

कधीपर्यंत थांबायचं? मी वजनावर ठरवते. गुबगुबीत मोठा बेडूक तीन-चार आठवडे न खाता राहिला आणि वजन तेवढंच असेल तर मला चिंता वाटत नाही. पिल्लाकडे साठा नसतो, त्याने दहा दिवस तोंड उघडलं नाही किंवा कुठल्याही बेडकाचं वजन पहिल्या आकड्यापेक्षा दहा टक्के घटलं तर डॉक्टर. आणि ही लक्षणं दिसली तर वजनाची वाट न बघता त्याच दिवशी: पोट-मांड्या लालभडक, अंग पाण्याने भरल्यासारखं फुगलेलं, तोंड सतत उघडं, पाय ताठ किंवा झटके, गुदद्वारातून लाल मांस बाहेर, किंवा जीभ बाहेर येते पण किडा चिकटतच नाही. ह्या शेवटच्यात बरेचदा अ जीवनसत्त्व कमी पडलेलं असतं. झटके असतील तर निघायच्या आधी स्वच्छ पाण्यात ठेवा आणि ते पाणी दर दोन-तीन तासांनी बदला. कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर बेडूक बघत नाहीत, म्हणून एक्झॉटिक बघणारा डॉक्टर बेडूक घ्यायच्या आधीच शोधून नंबर ठेवा.

खायला लागल्यावर

पिल्लू रोज किंवा एक दिवसाआड, पाच-सात सेंटिमीटरचं झालं की आठवड्यातून दोनदा, पूर्ण वाढलेला सात ते दहा दिवसांतून एकदा. तो प्रत्येक वेळी उपाशी असल्यासारखाच बघेल, त्याला भुलू नका, लठ्ठपणाने हे बेडूक लवकर जातात. किडा द्यायच्या आधी कॅल्शियम पावडरमध्ये हलका घोळवायचा, पिल्लाला जवळजवळ प्रत्येक वेळी, मोठ्याला एकाआड एक, आणि आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा डी३ आणि अ जीवनसत्त्व असलेली सरपटणाऱ्या प्राण्यांची मल्टिव्हिटामिन पावडर. माणसांच्या गोळ्या कुटून घालू नका, मात्रा चुकते. शी दिसली की तेवढी माती काढून टाका, पूर्ण माती महिन्या-दीड महिन्याने बदला, अर्थात परत तशीच धुऊन. वजन आठवड्यातून एकदा, नेहमी खाण्याच्या आधी, आणि टँकमध्ये हात घातला की नंतर साबणाने हात धुवायचे, बेडकांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, घरात लहान मूल असेल तर त्याचेही हात आपणच धुऊन द्यायचे.